ज्यांना हरवलं, ते जिंकावेत म्हणून

अमेरिकेच्या ओहायो राज्यात मॅसिलॉन नावाचं तीस-बत्तीस हजार वस्तीचं शहर आहे. तिथल्या घरात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात एक चिमुकला फुटबॉल ठेवण्याची प्रथा आहे. तो देतो गावातला बूस्टर क्लब, म्हणजे शाळेच्या संघासाठी पैसा आणि श्रम उभे करणारं चाहत्यांचं मंडळ. शाळेचं नाव वॉशिंग्टन हायस्कूल, संघाचं नाव टायगर्स. या संघाचं स्टेडियम 1939 साली, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलं गेलं आणि त्यात सोळा हजारांहून अधिक माणसं बसतात. निम्मं गाव एका वेळी मावेल एवढं स्टेडियम, आणि तेही सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे सामने पाहायला.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल: लांबट चेंडू, हातात धरून पळणं, पास फेकणं, अकरा जणांची भिंत अकरा जणांच्या भिंतीवर आदळणं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. एवढं माहीत असलं तरी या प्रकरणापुरतं पुरे, कारण इथला विषय मैदानावरच्या डावपेचांचा नाही. तो आहे हिशेबाचा. सातशेच्या आसपास शाळा, प्रत्येकीचे जेमतेम दहा साखळी सामने, आणि त्यातून राज्याचा विजेता काढायचा. कोण कोणापेक्षा चांगला, हे ठरवायचं कसं?

भारतातल्या एखाद्या साखळी स्पर्धेत आठ-दहा संघ असतात, सगळे एकमेकांशी खेळतात आणि गुणतक्ता आपोआप तयार होतो. ओहायोत तसं शक्यच नाही. फुटबॉल हा अंगाची मोडतोड करणारा खेळ, आठवड्यातून एकच सामना खेळता येतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात हंगाम सुरू होतो, ऑक्टोबर संपता संपता साखळी संपते. उत्तरेला ईरी सरोवराकाठची शाळा आणि दक्षिणेला ओहायो नदीकाठची शाळा यांची गाठ सहसा पडतच नाही. दोघीही दहाच्या दहा सामने जिंकतात. दोन्ही गावांना वाटतं, आपणच राज्यात पहिले.

हे सामने शुक्रवारी रात्री होतात, आणि तो वार राखून ठेवण्यात अमेरिकी कायद्याचाही हात आहे. 1961 सालच्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानं व्यावसायिक लीगला टीव्हीचे हक्क एकत्रित विकायची मुभा दिली, पण हंगामाच्या ऐन काळात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी शाळा-कॉलेजांच्या सामन्यांच्या परिसरात प्रक्षेपण केलं तर ती सवलत मिळणार नाही, अशी अट घातली. व्यावसायिक खेळाच्या झगमगाटात शाळांची मैदानं ओस पडू नयेत, हा त्यामागचा विचार. इतक्या वर्षांनंतरही तो टिकून आहे.

## मतांवर मिळालेली विजेतेपदं

1972 पर्यंत ओहायोत शालेय फुटबॉलची राज्यस्तरीय बाद फेरी नव्हती. राज्याचा विजेता ठरायचा मतांवर. वृत्तसंस्थांसाठी क्रीडापत्रकार आपापल्या यादीत दहा संघ लिहायचे, त्यांची बेरीज व्हायची आणि हंगामाअखेर जो वर असेल तो 'राज्यविजेता' म्हणवला जायचा. मॅसिलॉनची वीसहून अधिक विजेतेपदं याच काळातली आहेत.

ती फुकट मिळालेली होती असं मात्र कोणी समजू नये. 1932 ते 1940 या काळात तिथे प्रशिक्षक होते पॉल ब्राउन. ते त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. 1940 सालच्या त्यांच्या संघानं दहा सामन्यांत 477 गुण केले आणि दिले फक्त 6. ते सहा गुणही मिळवले शेजारच्या कँटन शहरातल्या मॅकिन्ली हायस्कूलनं, ज्यांच्याशी मॅसिलॉनचं वैर 1894 पासूनचं आहे. पुढे ब्राउन ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाला त्यांचंच नाव मिळालं आणि 1968 मध्ये त्यांनी सिनसिनाटी बेंगल्स हा संघ उभा केला. आजची व्यावसायिक लीग तरी कुठे जन्मली? याच कँटनमध्ये, 1920 साली, एका मोटारींच्या शोरूममध्ये झालेल्या बैठकीत. त्या मुलखात शाळेचा फुटबॉल आणि मोठ्यांचा फुटबॉल एकाच मातीतून वर आले आहेत.

पण मतदानात एक दोष होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. पत्रकार ज्या शहरात राहतो तिथलेच सामने पाहतो. मोठ्या गावाच्या मोठ्या शाळेची कीर्ती आधीच पसरलेली असते, म्हणून तिला मतं पडतात. मतं पडतात म्हणून कीर्ती आणखी वाढते. कोपऱ्यातल्या तालुक्यातला संघ वर्षभर अजिंक्य राहिला तरी त्याचं नाव यादीत तळाला. आणि दोन अजिंक्य संघ कधी समोरासमोर आलेच नाहीत, तर मतदान फार तर अंदाज सांगू शकतं. खेळाडूला अंदाज नको असतो, त्याला सामना हवा असतो.

## हार्बिनचं गणित

1972 मध्ये ओहायोच्या शालेय क्रीडा संघटनेनं बाद फेरी सुरू केली. ही संघटना 1907 पासूनची. पहिल्या वर्षी शाळांचे तीन गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त चार संघ, म्हणजे अख्ख्या राज्यातून बारा. एवढ्या थोड्या जागांसाठी निवड कोण करणार, हा प्रश्न आलाच. पत्रकार नकोत, समिती नको. तेव्हा जॅक हार्बिन या गृहस्थांनी तयार केलेली गणिती पद्धत स्वीकारली गेली. आजही तिला हार्बिन क्रमवारीच म्हणतात आणि ती पन्नासहून अधिक वर्षं चालत आली आहे.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी शाळकरी बेरीज-भागाकार पुरतो. सध्या शाळांचे पटसंख्येनुसार सात डिव्हिजन आहेत. सगळ्यांत मोठ्या शाळा पहिल्यात, सगळ्यांत लहान सातव्यात. पहिल्या डिव्हिजनच्या संघाला हरवलं की 6 गुण, दुसऱ्याच्या संघाला हरवलं की साडेपाच, तिसऱ्याच्या पाच, असं अर्ध्या अर्ध्यानं उतरत सातव्याला हरवलं की 3. ही झाली पहिली पातळी.

समजा, एका संघानं दहापैकी आठ सामने जिंकले. हरवलेल्यांपैकी तीन संघ तिसऱ्या डिव्हिजनचे आणि पाच चौथ्याचे. तीन पंचे पंधरा, आणि पाच वेळा साडेचार म्हणजे साडेबावीस, एकूण साडेसदतीस. भागिले दहा सामने, आले 3.75. जे दोन सामने हरले त्यांचं काहीच मिळालं नाही. बलाढ्य संघाकडून एका गुणानं हरलात तरी शून्य.

आता खरी गंमत दुसऱ्या पातळीत आहे. ज्या आठ संघांना तुम्ही हरवलंत, त्यांनी हंगामभर इतर सामने जिंकून जे गुण मिळवले, त्यांचाही वाटा ठरलेल्या सूत्रानं तुमच्या खात्यात येतो. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ज्यांना धूळ चारलीत, त्यांनी पुढचे सगळे सामने जिंकले तर तुमचा तो विजय दर शुक्रवारी वजनदार होत जातो. ते हरत राहिले, तर तुमचा विजयही हलका पडत जातो, तुम्ही स्वतः काहीही चूक केलेली नसताना.

आणि किती फरकानं जिंकलात याला अजिबात किंमत नाही. एका गुणानं जिंका की पन्नासनं, मिळकत सारखीच. क्रिकेटच्या साखळीत नेट रनरेट सुधारण्यासाठी शेवटच्या षटकापर्यंत कुटाई करणारे संघ आपण पाहतो. इथे तसं करून एका दशांशाचाही फायदा होत नाही. मुद्दाम तसं ठेवलं आहे. समोर पंधरा-सोळा वर्षांची मुलं आहेत, कित्येकदा पटसंख्येनं लहान शाळेतली, आणि हिशेबासाठी त्यांचा कचरा करण्याचं कारणच उरू नये. 2014 पासून तर उत्तरार्धात आघाडी तीस गुणांवर गेली की घड्याळ जवळपास न थांबता चालू ठेवण्याचा नियम आहे. चाळीस गुणांनी पुढे असलेला प्रशिक्षक बिनधास्त राखीव मुलांना मैदानावर पाठवतो, वर्षभर सराव करून बाकावर बसलेल्या पोरांना खेळायला मिळतं.

मला या पद्धतीचं मोल वाटतं ते तिच्या परिणामामुळे. हार्बिननं राज्यभरातल्या गावांना एकमेकांच्या निकालांत बांधून टाकलं. सप्टेंबरमध्ये ज्या शाळेला हरवून तुम्ही जल्लोष केलात, ऑक्टोबरमध्ये त्याच शाळेच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसावं लागतं. आपला सामना संपला की लोक फोन काढतात आणि दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातला गुणफलक पाहतात. रात्री अकराच्या स्थानिक बातम्यांत एकामागून एक निकाल सरकत जातात, आणि चाहते त्यातली नेमकी ती आठ-दहा नावं शोधत असतात. कोण कुठे पोचणार याचे आकडे मांडणाऱ्या हौशी गणितज्ञांची तर एक परंपराच तिथे तयार झाली आहे. दहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी ते रात्रभर हिशेब करतात आणि शनिवारी सकाळी अख्ख्या राज्याला जवळजवळ नेमकी यादी माहीत असते. संघटना ती रविवारी अधिकृतपणे जाहीर करते.

या साखळीचा एक धागा तुटला की सगळी वीण हलते. एखाद्या शाळेनं अपात्र खेळाडू खेळवल्याचं उघडकीला आलं तर त्या शाळेचे विजय रद्द होतात. मग ज्यांनी तिला हरवलं होतं त्यांची दुसऱ्या पातळीची मिळकत घटते, जे तिच्याकडून हरले होते त्यांच्या खात्यात विजय जमा होतो, आणि दोनशे किलोमीटरवरचा कुठला तरी संघ, ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही, तो यादीबाहेर फेकला जातो.

## सामने जुळवण्याची कला

गणित कळलं की प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक कामाला लागतात. दहापैकी बरेचसे सामने आपापल्या लीगमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ठरलेले असतात, उरलेले दोन-तीन स्वतः जुळवायचे. दुबळ्या संघाशी खेळावं तर विजय नक्की, पण गुण थोडे. भारी संघाशी खेळावं तर गुण भरपूर, पण हरलो तर आठवडा वाया. म्हणून सगळ्यांना हवा असतो एक विशिष्ट प्रतिस्पर्धी: पटसंख्येनं मोठा, या वर्षी बऱ्यापैकी जिंकणारा, पण आपल्याला हरवता येईल असा. सामने वर्ष-दोन वर्षं आधी ठरतात, म्हणजे आज नववीत असलेली मुलं अकरावीत कशी खेळतील याचा अंदाज बांधून हे करावं लागतं. ज्या शाळांचा दरारा फार वाढतो, त्यांच्याशी राज्यात कोणी खेळायलाच तयार होत नाही. मग त्या पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, केंटकीतून प्रतिस्पर्धी आणतात.

पटसंख्येचा न्याय मात्र अर्धाच झाला. शहरातल्या खासगी कॅथलिक शाळा मोठ्या परिसरातून मुलं घेऊ शकतात. गावातल्या सरकारी शाळेला मुख्यतः आपल्या हद्दीतलीच मुलं मिळतात. क्लीव्हलँडच्या सेंट इग्नेशियसनं 1988 ते 2011 या काळात 11 राज्य विजेतेपदं जिंकली. त्याआधी सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलनं 1975 ते 1980 या सहा वर्षांत पाच जिंकली, आणि तिथले प्रशिक्षक गेरी फाउस्ट शाळेतून थेट नोटर डेम विद्यापीठात गेले. सरकारी आणि खासगी शाळांची बाद फेरी वेगळी करावी का, यावर 1978 आणि 1993 मध्ये शाळांचं मतदान झालं. दोन्ही वेळा प्रस्ताव पडला. पुढे बरीच वर्षं वाद चालला आणि 2014 मध्ये मधला मार्ग मंजूर झाला: किती खेळाडू शाळेच्या नेहमीच्या हद्दीबाहेरून आले आहेत ते मोजायचं, त्यांना गुणक लावून तो आकडा पटसंख्येत मिळवायचा आणि मग डिव्हिजन ठरवायचं. 2017 पासून ही पद्धत लागू आहे. तिनं सगळ्यांचं समाधान झालेलं नाही, पण शाळा एकमेकींपासून तोडण्यापेक्षा हा उपाय बरा होता असं माझं मत आहे.

खासगी शाळा म्हणजेच यश, या समजाला सगळ्यांत मोठं उत्तर राज्याच्या पश्चिम टोकाला, मर्सर परगण्यात मिळतं. मका-सोयाबीनची शेतं, जर्मन वळणाच्या चर्चचे उंच मनोरे, आणि मरिया स्टाइन नावाची छोटीशी वस्ती. तिथली मॅरियन लोकल ही सरकारी शाळा, राज्यातल्या सगळ्यांत लहान शाळांच्या गटातली. टिम गुडविन यांच्या हाताखाली तिनं 2000 सालापासून पुढच्या पंचवीस वर्षांत पंधरा विजेतेपदं मिळवली. ती ज्या लीगमध्ये खेळते तिच्यातल्या शेजारच्या गावांच्या शाळाही राज्य विजेत्या ठरल्या आहेत. अशा लीगमध्ये कोणालाही हरवणं कठीण असतं, पण हरवलं तर त्या विजयाचं वजन वर्षभर वाढतच जातं, कारण हरलेला संघ बाहेर जाऊन बाकीच्यांना लोळवत असतो.

## बारा, चारशे अठ्ठेचाळीस, तीनशे छत्तीस

बाद फेरी एकदा सुरू झाली की ती वाढतच जाते, हे कुठल्याही स्पर्धेत दिसतं. तीन गटांचे 1980 मध्ये पाच डिव्हिजन झाले, 1994 मध्ये सहा, 2013 मध्ये सात. प्रत्येक डिव्हिजनचे चार भौगोलिक विभाग. प्रत्येक विभागातून सुरुवातीला एकच संघ जायचा, मग दोन, मग चार, मग आठ.

2020 मध्ये महासाथीनं सगळं उलथवलं. साखळी सामने सहावर आले आणि हार्बिनच्या गणिताला पुरेसे निकालच उरले नाहीत. संघटनेनं ज्यांना हवं त्या सगळ्या संघांना बाद फेरी खुली केली आणि मानांकनं ठरवायला प्रशिक्षकांचं मतदान घेतलं. पन्नास वर्षांत प्रथमच पुन्हा माणसांची मतं आली.

त्या वर्षी लहान गावांना बाद फेरीची चव लागली, आणि 2021 पासून प्रत्येक विभागातून सोळा संघ घ्यायचं ठरलं. अठ्ठावीस विभाग, प्रत्येकी सोळा, म्हणजे 448 संघ. राज्यातल्या दर तीन संघांपैकी जवळपास दोन. हे फार झालं. दोन-तीन सामने जिंकलेले संघ अजिंक्य संघाच्या मैदानावर जाऊन पहिल्या अर्ध्या तासातच सामना गमावू लागले. बाद फेरीत पोचणं हा सन्मान आहे, आणि तो सगळ्यांनाच वाटला तर त्याला किंमत काय राहिली? संघटनेलाही ते पटलं असावं. 2025 पासून प्रत्येक विभागातून बारा संघ येतात आणि पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत विश्रांती मिळते. एकूण 336. त्यामुळे दहाव्या आठवड्याचे सामने पुन्हा रंगतदार होतील, चौथं स्थान आणि पाचवं स्थान यांत आता खरंखुरं अंतर आहे.

पैशाचाही भाग यात आहे. वरच्या मानांकनाला घरचं मैदान मिळतं. घरचं मैदान म्हणजे हजारो प्रेक्षक, खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर राबणारे पालक, बँडच्या गणवेशासाठी उभा राहणारा निधी. ओहायोत शाळांचा खर्च बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतो आणि जादा कर बसवायचा तर गावात मतदान घ्यावं लागतं. 2001 सालचा 'गो टायगर्स!' हा माहितीपट मॅसिलॉनच्या 1999 च्या हंगामावर आहे आणि त्यात संघाच्या सामन्यांबरोबरच अशा एका कराच्या मतदानाची कथा चालते. संघाची वाटचाल आणि शाळेचं भवितव्य गावाच्या डोक्यात किती जवळजवळ असतात, ते त्यात नीट दिसतं.

## दोन अंतिम सामने

आकड्यांबद्दल इतकं लिहिल्यावर मैदानावर यायला हवं, कारण आकडे फक्त दारापर्यंत नेऊन सोडतात.

ओहायोच्या आग्नेय भागात, अपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी अथेन्स परगणा आहे. राज्यातल्या गरीब परगण्यांपैकी एक. तिथल्या अथेन्स हायस्कूलनं बाद फेरीत कधी एकही सामना जिंकला नव्हता. मग जो बरो नावाचा मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू, झाला आणि तीन वर्षांत शाळेनं बाद फेरीचे पहिले सात विजय मिळवले. डिसेंबर 2014 मध्ये हा संघ चौदा सामने अजिंक्य राहून तिसऱ्या डिव्हिजनच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर टोलीडोची सेंट्रल कॅथलिक शाळा. बरोनं सहा टचडाउन पास फेकले. एका बाजूनं गुण झाले की दुसरी बाजू लगेच परतफेड करत होती, आणि शेवटी अथेन्स हरलं, 56-52. त्या वर्षी राज्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान बरोला मिळाला.

पाच वर्षांनी त्याच बरोनं विद्यापीठ फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइझमन करंडक स्वीकारताना अथेन्स परगण्यातल्या उपाशी शाळकरी मुलांची आठवण काढली. ते भाषण ऐकून लोकांनी तिथल्या अन्नपेढीला काही दिवसांत पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. पुढे तो सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळू लागला, म्हणजे मॅसिलॉनच्या पॉल ब्राउननी उभारलेल्या संघाकडून.

दुसरा सामना मॅसिलॉनचाच. मतांवर वीसहून अधिक विजेतेपदं मिळवलेल्या या गावाला 1972 नंतर बाद फेरीतून एकही मिळालं नव्हतं. पन्नास वर्षं! ज्यांनी जुने दिवस पाहिले होते ते म्हातारे झाले, त्यांच्या पाळण्यातले फुटबॉल नातवंडांकडे गेले. संघ अंतिम फेरीत जायचा आणि हरायचा. 2018, 2019, 2020, सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात हार. त्यातले दोन पराभव अ‍ॅक्रनच्या आर्चबिशप होबन या कॅथलिक शाळेकडून.

30 नोव्हेंबर 2023 च्या रात्री दुसऱ्या डिव्हिजनच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा होबनच होती. मैदान कँटनचं, मॅसिलॉनपासून गाडीनं वीस मिनिटांवर. अथेन्सच्या त्या सामन्यात मिळून 108 गुण झाले होते. इथे पूर्ण सामन्यात झाले नऊ. एक टचडाउन आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचा एक गुण मॅसिलॉनचा, आणि होबनला फक्त एक सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवल्याचे दोन गुण. 7-2. असा गुणफलक फुटबॉलमध्ये क्वचित दिसतो. शेवटच्या मिनिटांपर्यंत होबनच्या एका टचडाउननं सगळं उलटलं असतं. ते झालं नाही. मॅसिलॉननं हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले, आणि या वेळी कोणाच्या मताची गरज पडली नाही.

## विश्वासाची बाजू

क्रमवारीचा मान राहतो तो तिच्यामागे कोणीतरी पडताळणी करत असतं म्हणून. ते नसेल तर काय होतं, हेही ओहायोनंच दाखवलं. 29 ऑगस्ट 2021 रोजी ईएसपीएन या वाहिनीनं कँटनच्या मैदानावरून एक सामना देशभर दाखवला. एकीकडे फ्लोरिडाची नामांकित आयएमजी अकॅडमी, दुसरीकडे कोलंबसची बिशप सायकॅमोर नावाची 'शाळा'. निकाल 58-0. आपल्या संघात मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतले कितीतरी खेळाडू असल्याचं बिशप सायकॅमोरनं सांगितलं होतं. समालोचकांनी सामना चालू असतानाच ती माहिती पडताळता येत नसल्याचं बोलून दाखवलं. हाच संघ दोनच दिवस आधी दुसरा सामना खेळून आला होता, हे नंतर उघड झालं. मुलांच्या शरीराशी याहून मोठा खेळ नसेल. राज्याच्या शिक्षण खात्यानं चौकशी केली आणि वर्षाअखेरच्या अहवालात ही शाळा म्हणजे बनवाबनवी असल्याचा निष्कर्ष काढला.

ती राज्य संघटनेची सदस्य नव्हती, त्यामुळे हार्बिनच्या यादीत ती कधीच येऊ शकली नसती. यादीत यायचं तर पटसंख्या कळवावी लागते आणि खेळाडूंची पात्रता दाखवावी लागते. वाहिनीला हवा होता देशपातळीवरचा झगमगता सामना. कारकुनी तपासणी कोणी केली नाही.

कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये, सिनसिनाटीजवळच्या मेसनमध्ये, क्लीव्हलँडच्या उपनगरांत आता कितीतरी मराठी घरं आहेत. त्यांतली बरीच मुलं मध्यंतरात मैदानभर फिरणाऱ्या मार्चिंग बँडमध्ये वाजवतात, काही जण संघातही असतात, आणि आईवडील थंडीत दोन तास बसून येतात, खेळ पुरता कळला नाही तरी. त्यांना आणि ओहायोत पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना एक सुचवतो. साखळी संपल्यावरच्या रविवारी तुमच्या विभागाची यादी पाहाच, पण आपल्या शाळेचा क्रमांक पाहून थांबू नका. तुमच्या शाळेनं या हंगामात ज्यांना हरवलं त्या शाळांची नावं काढा, त्यांनी नंतर कोणाकोणाला हरवलं ते पाहा, आणि त्यातली एखादी शाळा बाद फेरीत असेल तर पुढच्या शुक्रवारी तिचा सामना पाहायला जा.